गर्दीच्या थीम पार्कात पहिल्यांदा जाताना: आपली मजा आणि शेजारच्याचा दिवस

थीम पार्कात पहिल्यांदा निघालेल्या माणसाला सल्ले मिळतात ते दोन टोकांचे. एक, सगळ्या राइड उरकायच्या कशा याचा: उजाडताच पोचा, दार उघडलं की पळत सुटा, कोणाला पुढे जाऊ देऊ नका. दुसरा, शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखा: रांगेत उभे राहा, कचरा करू नका. पहिला मनावर घेतला तर दिवसभर घड्याळाशी भांडण होतं, आणि दुसरा कोणी वाचतच नाही.

मला वाटतं, प्रश्न याहून सोपा आहे. भरलेल्या पार्कात सगळ्यांना वाटून घ्याव्या लागतात अशा गोष्टी दोनच: वेळ आणि जागा. तुम्ही राइडवर किती जोरात किंचाळता, एकच राइड पाच वेळा करता का, मोठं माणूस असून डोक्यावर चमकणारी शिंगं लावून फिरता का, यातून कोणाचं काही जात नाही. ते सगळं बिनधास्त करा. पण राइडच्या दाराशी तुम्ही फोन ठेवायला जागा शोधत घालवलेली पंधरा सेकंदं मागे उभ्या असलेल्या शेकडो लोकांची असतात. कुठे मोकळं सुटायचं आणि कुठे आवरायचं, ते एवढ्यावरून बहुतेक वेळा कळतं. बाकीचं क्रमाने बघू.

घरून निघण्याआधी

पार्कातली निम्मी चिडचिड चुकीचा दिवस निवडल्यामुळे होते. शाळा चालू असतानाचा आठवड्याच्या मधला दिवस मिळाला तर तो घ्या; जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. कमी गर्दीत सगळेच जास्त सभ्य असतात, आपणसुद्धा. दार उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचलात तर पहिल्या तासात मोठ्या राइड होतात. दुपारी रांगा सर्वांत लांब असतात, तेव्हा आत बसून बघायचे शो ठेवा. बहुतेक मोठ्या पार्कांच्या ॲपवर प्रत्येक राइडची रांग किती मिनिटांची आहे ते दिसतं; ते ॲप घरीच उतरवून घ्या. आत गेल्यावर हजारो लोक एकाच वेळी तेच करत असतात आणि नेटवर्क रडत असतं.

दुसरं काम: घरातल्यांशी बोलून घ्या. प्रत्येकाने एकच राइड सांगायची, 'ही झाली नाही तर मी हिरमुसेन' अशी. बाकी सगळं मिळालं तर मिळालं. आठ-दहा जणांचा गट असेल तर दिवसभर एकत्र फिरायचा हट्ट सोडा. दहा माणसं एकत्र चालली की रस्ता अडतो, एकत्र ठरवू लागली की दिवस अडतो. दोन-तीन टोळ्या करा आणि जेवायला व शेवटच्या शोला भेटा.

ज्याला भीती वाटते त्याला ओढून नेऊ नका. 'काही होत नाही रे, चल' म्हणत रांगेत उभं केलेला माणूस नेमका गाडीत बसायच्या क्षणी नाही म्हणतो. मग त्याची समजूत घालणं, रडणं, पट्टा काढणं, पुन्हा लावणं. भित्रेपणाची चेष्टा करण्यापेक्षा त्याला बॅगा सांभाळायला ठेवा. तो खूश, तुम्हीही खूश.

मुलांची उंची घरीच मोजा. राइडगणिक किमान उंची ठरलेली असते. १०२ सेंटिमीटर आणि १२२ सेंटिमीटर हे आकडे बऱ्याच ठिकाणी दिसतात, आणि फ्लोरिडातल्या आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या पार्कातल्या हल्क रोलर कोस्टरला तर १३७ सेंटिमीटर लागतात. हा आकडा कोणी लहर म्हणून ठरवत नाही. मांडीवर किंवा खांद्यावर येणारा बार ज्या बांध्याच्या शरीरासाठी बनवलेला असतो, त्याहून लहान शरीर त्याखालून सुटू शकतं. दारावरच्या कर्मचाऱ्याला 'एकच सेंटिमीटर तर कमी आहे' यावर सूट द्यायचा अधिकारच नसतो. तिथे वाद घालून स्वतःच्या मुलाला सगळ्यांसमोर रडवण्यापेक्षा कोणत्या राइड जमणार नाहीत ते आदल्या रात्री सांगून टाका.

सामान कमीत कमी. लहान पाठपिशवी, पाणी, पॉवर बँक, घडी घालून खिशात मावणारा रेनकोट. सेल्फी स्टिक नेऊच नका. डिस्नेने २०१५ मध्येच आपल्या पार्कांतून तिला बाहेर काढलं. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांनी २०१९ मध्ये बाबागाडीलाही माप घातलं: ३१ इंच रुंद, ५२ इंच लांब, त्यापुढे नाही. तुम्ही जाल त्या पार्काचे नियम वेगळे असतील, पण कारण सगळीकडे एकच, ते म्हणजे वाटेची रुंदी. जुळ्यांसाठीची शेजारी-शेजारी सीट असलेली मोठी गाडी नेणार असाल तर पार्काची वेबसाइट आधी बघा.

वाटेवर

फार काही नाही. थांबायचं असेल तर कडेला व्हा. नकाशा बघायला, मुलाचे बूट बांधायला, 'आता कुठे?' ठरवायला रस्त्याच्या मधोमध किंवा पुलावर उभं राहू नका. हातात हात घालून पाच जण आडवे चालू नका. बाबागाडी पुढच्याच्या टाचेत घालू नका. आणि सकाळी दार उघडल्यावर पळू नका. पार्क ते चालू देत नाहीत, आणि घाईत पडतं ते कोणाचं तरी लहान मूल.

रांग

दिवसाचा सर्वांत मोठा भाग इथे जातो, म्हणून इथे जरा थांबू.

आधी रांग चालते कशी ते बघा. समजा एका कोस्टरच्या गाडीत २४ माणसं बसतात आणि दर ४५ सेकंदांनी एक गाडी सुटते. तासाला ८० गाड्या, म्हणजे १,९२० माणसं. आता प्रत्येक गाडीला फक्त १५ सेकंद उशीर झाला, कोणाचा पट्टा अडकला, कोणी टोपी कुठे ठेवू विचारलं, कोणी शेजारची सीट बदलून मागितली, तर तासाला ६० गाड्या, १,४४० माणसं. पुढे ९६० माणसं असतील तर अर्ध्या तासाची वाट ४० मिनिटांवर गेली. शिवाय कोस्टरचा मार्ग टप्प्यांत विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी राहू शकते. स्टेशनवरची, म्हणजे लोक जिथे चढतात-उतरतात तिथली, गाडी निघाली नाही तर मागून आलेली गाडी बाहेर ब्रेकवर उभी राहते, आत बसलेल्यांसकट. शेवटच्या वळणानंतर उन्हात विनाकारण थांबून राहावं लागलं असेल, तर बऱ्याचदा कारण हेच असतं.

म्हणजे रांगेचा वेग ठरतो स्टेशनवर. रांगेच्या मधे तुम्ही पुढच्याच्या पाठीला चिकटून उभे राहिलात म्हणून एक सेकंदही लवकर पोचत नाही. तेव्हा पुढच्याला श्वास घ्यायला जागा द्या. मात्र फोन बघता बघता दहा माणसांची पोकळी होऊ देऊ नका, कारण मग शेपूट बाहेर मुख्य रस्त्यावर जातं आणि ज्यांना त्या राइडशी देणंघेणं नाही त्यांची वाट अडते.

जागा धरणं. हा सगळ्यात नाजूक विषय. 'आमचे लोक पुढे आहेत' म्हणत सहा जण रेलिंगखालून वाकून जातात तेव्हा कायदेशीर भाषेत काय म्हणायचं ते म्हणा, ती घुसखोरीच. एकाला उभं करून बाकीच्यांनी दुसरी राइड करून येणं बऱ्याच पार्कांत नियमाविरुद्ध आहे आणि त्यासाठी रांगेतून, कधी पार्कातूनही, बाहेर काढतात. लहान मुलाला अचानक बाथरूमला जायचं असेल तर ती गोष्ट वेगळी, असं माझं मत. एका मोठ्याने मुलाला घेऊन जावं, जाताना मागच्या दोघा-तिघांना आणि जवळच्या कर्मचाऱ्याला सांगून जावं. सांगून गेलेल्या माणसाला लोक परत येऊ देतात. न सांगता उगवलेल्याला डोळे वटारतात. अर्थात कर्मचारी नाही म्हणाला तर नाही. सोपा उपाय म्हणजे रांगेत शिरण्याआधीच सगळ्यांना एकदा विचारणं, आणि जो 'मला नाही लागली' म्हणेल त्याला आधी नेणं.

रांगेत आवाजाचं भान ठेवा. व्हिडिओ बघायचा तर कानात इअरफोन. आधी राइड करून आलेल्यांनी 'आता अंधार होईल, मग डावीकडून तो बाहेर येतो' अशी धावती कॉमेंट्री करू नये. शेजारचं कोणी पहिल्यांदाच आलेलं असतं. रेलिंगवर बसायचा मोह सगळ्यांना होतो, पण मुलं मागे पडतात ती तिथूनच.

एकट्याने बसायला तयार असाल तर काही राइडना 'सिंगल रायडर' अशी वेगळी रांग असते. गाडीत उरलेल्या सुट्या सीट त्यातून भरतात, त्यामुळे ती बहुतेक वेळा भराभर सरकते आणि गाडी रिकामी जात नाही. तुमचाही फायदा, इतरांचाही. फक्त त्या रांगेतून आत जाऊन 'आम्हा दोघांना एकत्र बसवा' म्हणू नका.

पुढे जाणारे

तुम्ही तासभर उभे आहात आणि शेजारच्या रांगेतून लोक भराभर आत जातायत. रक्त तापतं. त्यांच्यात तीन प्रकारचे लोक असतात. पहिले, जास्त पैसे भरलेले. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास (वेगळ्या, छोट्या रांगेतून जायची सोय) आणला तेव्हा तो तिकिटातच मिळायचा. २०२१ पासून अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत त्याची जागा पैसे भरून घ्यायच्या लायटनिंग लेनने घेतली. ही व्यवस्था मला स्वतःला फारशी आवडत नाही, साध्या रांगेचा वेग तिच्यामुळे कमी होतो. पण दोन रांगा जिथे मिळतात तिथे उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने ती बनवलेली नाही, आणि पास घेतलेल्या कुटुंबाने नियम मोडलेला नाही.

दुसरे, आळीपाळीने राइड करणारे आईबाप. बाळ लहान असेल तर एकाने राइड करायची, दुसऱ्याने बाळ सांभाळायचं, मग अदलाबदल, पूर्ण रांग पुन्हा न लावता. डिस्नेत याला रायडर स्विच म्हणतात, युनिव्हर्सलच्या पार्कांत चाइल्ड स्वॅप. तुमच्याबरोबर तान्हं मूल असेल तर हे जरूर विचारा. नव्याने आलेल्यांना माहीतच नसतं आणि एकजण दिवसभर बाकावर बसून राहतो.

तिसरे, अपंगत्व किंवा आजार असलेले. तो दिसेलच असं नाही. 'चांगला धडधाकट तर दिसतोय' हे वाक्य मनात आलं तर तिथेच राहू द्या.

गाडीत बसताना

रांगेच्या शेवटच्या पाच मिनिटांत फोन खिशात, खिशाची चेन बंद, टोपी आणि चष्मा बॅगेत, बॅग सांगितलेल्या जागी किंवा लॉकरमध्ये. किती जण आहात तो आकडा तयार ठेवा; कर्मचारी बोटांनी विचारतो, बोटांनी सांगा. सांगितलेल्या नंबरावर उभे राहा. बसल्यावर बार स्वतः खाली ओढा आणि तपासणाऱ्याचा हात येईल तेव्हा हात बाजूला.

वयस्कर माणसाला, काठी घेतलेल्याला, व्हीलचेअरवरून उतरणाऱ्याला बसायला वेळ लागतो. तो वेळ वाया गेलेला नसतो. न थांबता सावकाश सरकत राहणाऱ्या गाड्यांच्या राइडसुद्धा अशांसाठी वेग कमी करतात किंवा थांबवतात, आणि त्यासाठीच तशी सोय असते. 'चला चला' करणारे मागून ओरडले तरी आपण आपल्या आजीला शांतपणे बसू द्या. घाई करायची ती फोन सापडत नसलेल्याने.

राइड चालू असताना फोन काढू नका. हातातून निसटलेला फोन सरळ खाली पडत नाही. मागच्या सीटवरच्या माणसाच्या तोंडावर जाऊ शकतो. काही ठिकाणी यासाठी कोस्टरच्या तोंडाशी मेटल डिटेक्टर लावून खिसे रिकामे करायला लावतात. अंधारातल्या राइडमध्ये फ्लॅश आणि उजळलेला स्क्रीन दोन्ही नकोत. डोळे अंधाराला सरावलेले असतात, एका लखलखाटाने पुढचे दोन प्रसंग सगळ्यांचे जातात, आणि फ्लॅशने काढलेल्या फोटोत पडदा नि तारा तेवढ्या दिसतात.

किंचाळा मात्र पोटभर. हात वर करा, आरोळ्या ठोका; तिथे कोणी गप्प बसवायला येत नाही.

मळमळत असेल तर न चढता स्टेशनवरून बाहेर पडा. रांगेत तासभर उभे होतो म्हणून चढायचं, हा हिशेब चुकतो. गाडी धुवायला काढावी लागली तर सगळ्यांचाच खोळंबा. आणि राइड मधेच थांबली तर बसून राहा, बार सोडवायची खटपट करू नका, सूचना ऐका. बऱ्याचदा कुठल्यातरी सेन्सरने खबरदारी म्हणून थांबवलेलं असतं.

फोटो, परेड, रात्रीचा शो

प्रसिद्ध जागेसमोर फोटोसाठी आपली पाळी आली की ती बिनसंकोच घ्या. कॅमेरा आधीच उघडून ठेवा, दोन-चार फोटो काढा, बाजूला व्हा, आणि कसे आले ते बाजूला होऊन बघा. मागच्या कुटुंबाला 'तुमचा सगळ्यांचा काढून देऊ का?' विचारलंत तर ते तुमचाही काढून देतात. सेल्फी स्टिकची उणीव अशी भरून निघते. व्हिडिओ करत असाल तर दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे त्यात ठेवून सगळीकडे टाकू नका.

परेडला पुढची जागा हवी तर लवकर येऊन बसावं लागतं, दुसरा मार्ग नाही. दोघांनी बसून बारा जणांची चादर पसरणं ही जागेची रांग मोडणंच झालं. शो सुरू झाल्यावर मुलाला अचानक खांद्यावर घेऊ नका. मागच्यांनी अर्धा तास उभं राहून मिळवलेलं समोरचं दृश्य एका क्षणात झाकलं जातं. खांद्यावर घ्यायचंच असेल तर भिंतीला पाठ लावून सगळ्यांत मागे उभे राहा, तिथून मुलाला दिसतंही चांगलं. फोन डोक्याच्या वर धरू नका, टॅबलेट तर काढूच नका. उशिरा आलेल्याने 'फक्त छोट्याला पुढे बसू द्याल का?' विचारणं चालतं, आणि जमलं तर बसू द्यावंही. पण छोट्याच्या मागोमाग आई, बाबा, काका आणि बाबागाडी आली तर नाही म्हणायला लाजू नका. व्हीलचेअरसाठी आखलेली जागा रिकामी दिसली तरी ती रिकामी नसते.

जास्त नमतं घेणारे

हाही एक प्रकार असतो. सगळ्यांना 'तुम्ही व्हा पुढे' करत संध्याकाळपर्यंत दोनच राइड झालेली मंडळी. पुढच्या सीटसाठी वेगळी रांग असेल आणि तुम्हाला तीच सीट हवी असेल तर दहा मिनिटं जास्त थांबा आणि बसा, त्यात स्वार्थ नाही. आवडलेली राइड पुन्हा करायची तर रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा करा. तिकीट तुम्हीही काढलंय.

कोणी घुसलंच तर एकदा, साध्या आवाजात बोला: 'रांग तिकडून आहे हो.' निम्मे लोक खरंच चुकलेले असतात आणि मागे जातात. उरलेल्यांसाठी कर्मचारी आहेत. त्यापुढे भांडत बसलात तर त्याची तीन मिनिटं वाचली आणि तुमचा तास गेला. शिवाय हाणामारीवर आलं तर पार्क दोघांनाही बाहेर काढतं.

दुपार ते निघेपर्यंत

दुपारी तीनच्या सुमारास घराघरांत भांडणं सुरू होतात. मुलं रडतात, मोठे एकमेकांवर खेकसतात. हा स्वभावाचा दोष नसून उन्हाचा, भुकेचा आणि पायांचा असतो. तासभर सावलीत बसा. जेवणाच्या वेळेच्या अर्धा तास आधी किंवा नंतर खा. खाणं हातात येईपर्यंत टेबल अडवू नका आणि उठताना ट्रे उचला. दुसऱ्याचं मूल रडत असेल तर वळून बघू नका, त्या आईला तेवढी मदत पुरेशी आहे. तुमचं मूल हरवलं तर स्वतः धावत सुटण्याआधी पहिल्या दिसेल त्या कर्मचाऱ्याला सांगा. सकाळीच मुलाच्या मनगटावर फोन नंबर लिहिलेला असेल आणि गणवेशातली माणसं कोणती ते त्याला दाखवलेलं असेल तर फार वेळ लागत नाही. तसंच सकाळी काढलेला मुलाचा एक फोटो फोनमध्ये असू द्या, म्हणजे कपड्यांचा रंग आठवत बसावं लागत नाही.

आठवणीच्या वस्तू घ्यायच्या तर दुपारीच घ्या. रात्री बाहेरच्या दाराजवळच्या दुकानात सगळं पार्क एकदम शिरतं. बऱ्याच पार्कांत बंद व्हायच्या वेळेपर्यंत रांगेत शिरलेल्याला राइड मिळते, त्यामुळे लोक आतषबाजी बघत असताना राहिलेली मोठी राइड करून घेता येते. आतषबाजी बघायचीच असेल तर संपल्यावर लगेच दाराकडे वळू नका. वीस-तीस मिनिटं एखाद्या बाकावर बसून राहा, पाय वर घ्या, मुलांना पाणी द्या. तोवर दाराशी बाबागाड्यांचा झालेला गुंता सुटतो. गाडी कुठल्या विभागात, कुठल्या ओळीत लावली त्या पाटीचा फोटो मात्र सकाळी उतरतानाच काढून ठेवा.